कुंपणाआडचे मास्तर

५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन. या दिवशी आम्हाला आयर्लंडचे ते मास्तर आठवतात, ज्यांनी शिकवणे हाच गुन्हा ठरला होता.

१६९५ साली डब्लिनच्या पार्लमेंटने कायदा केला. कॅथलिक माणसाने शाळा चालवायची नाही, मुलांना शिकायला परदेशीही धाडायचे नाही. शिकवताना सापडलेल्या मास्तराला २० पौंड दंड आणि तीन महिने कैद. १७०९ मध्ये त्याची खबर देणाऱ्याला १० पौंडांचे बक्षीस लागले. देशातली बहुसंख्य प्रजा कॅथलिक, आणि त्यांच्या पोरांना दार उघडे होते ते फक्त प्रॉटेस्टंट शाळेचे.

मग शाळा शेताच्या कुंपणाआड भरू लागली. झाडोऱ्याची उन्हाकडची बाजू धरून मास्तर बसत, एखादा मुलगा वाटेवर लक्ष ठेवी. अनोळखी माणूस दिसला की सगळे पांगत. पुढे कायद्याची पकड सैलावली, शाळा झोपडीत, गोठ्यात आली. ‘हेज स्कूल’, म्हणजे कुंपणशाळा, हे नाव मात्र टिकले. वाचन, लेखन, हिशेब आणि मन्स्टर प्रांतात कुठे कुठे लॅटिन, ग्रीकसुद्धा.

फी पैशात, नाही जमली तर लोणी, अंडी, चुलीसाठी पीटची ढेकळे. या फीपाशी आमचे पाऊल अडते. बटाट्यावर दिवस काढणारी ही कुळे. जमीनदाराचा खंड चुकता करून हाती उरे त्यातून त्यांनी पोरांसाठी अक्षरे विकत घेतली, तीही चोरून. १७८२ मध्ये बंदी ढिली झाली, तरी प्रॉटेस्टंट बिशपचा परवाना लागे; १७९२ मध्ये ती अटही गेली. १८२४ च्या सरकारी चौकशीत पालकांच्या फीवर चालणाऱ्या नऊ हजारांवर शाळा निघाल्या!

१८३१ पासून सरकारी राष्ट्रीय शाळा आल्या, इंग्रजी माध्यमाच्या. आयरिश भाषेला त्यांत जागा नव्हती. पण इंग्रजीचा आग्रह पालकांनी कुंपणशाळेतच धरला होता. बाजार, कचेरी, अमेरिकेची वाट, सारे त्याच भाषेतून जात होते. इतक्या कष्टाने राखलेल्या शाळेतूनच आपली बोली सुटत गेली, हे लिहिताना मन जड होते.

ब्रायन फ्रीलचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक १९८० मध्ये डेरीत प्रथम रंगमंचावर आले. ते १८३३ सालच्या अशाच एका शाळेत घडते. तिथले वृद्ध मास्तर ह्यू लॅटिन-ग्रीकमध्ये रमणारे, इंग्रजीला फारसा मान न देणारे. नाटक संपता संपता ते गावातल्या मायरेला इंग्रजी शिकवायचे कबूल करतात.