गाणं सगळ्यांचं, गळा मात्र तिचा!

होळी आली की आर्णी तालुक्यातल्या तांड्यांवर लेंगी सुरू होते. पूर्वी तिचा आवाज शिवारापर्यंत जायचा. आता कुणाच्या तरी मोबाइलमधून ती तासाभरात यूट्यूबवर पोचते. तिथं जाहिराती लागल्या तर पैसे मिळतात ते व्हिडिओ टाकणाऱ्याला. आणि गाणाऱ्या याडीला? बऱ्याचदा तिचं नावसुद्धा खाली नसतं.

कायदा काय म्हणतो? १९५७चा कॉपीराइट कायदा लेखक शोधतो. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तोंडोतोंडी आलेल्या लेंगीला असा लेखकच नाही, म्हणून ती सगळ्यांची. एका अर्थी हे बरंच. नाहीतर उद्या कुणी ती स्वतःच्या नावावर केली, तर तांड्यालाच गायची चोरी व्हायची!

पण मैत्रिणींनो, गाणं सगळ्यांचं असलं तरी गळा तिचा आहे. १९९४च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क दिला. आज तो ५० वर्षं टिकतो. तिच्या संमतीशिवाय तिचं गाणं रेकॉर्ड करून त्याचा धंदा करता येत नाही.

फेटिया-काचळीवरच्या भरतकामाचं काय? कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. २०२३मध्ये हंपीला ‘जी-२०’च्या बैठकीवेळी ४५०हून अधिक जणींनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडल्या गेल्या आणि गिनीज विक्रम झाला. पण मानांकन जपतं ते त्या प्रदेशाचं नाव. आर्णीच्या बाईला ते लावता येत नाही. आणि मशीनवरची पिशवी नुसतं ‘बंजारा वर्क’ म्हणून ऑनलाइन विकणाऱ्यालाही ते अडवत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये मानांकन मिळालं, तरी २०२५च्या जूनमध्ये ‘प्राडा’नं मिलानला तशाच चपला मूळ न सांगता मिरवल्या. ओरड झाली ती सोशल मीडियावर. मग कंपनीनं मूळ मान्य केलं.

म्हणजे ज्या मोबाइलमुळे नाव पुसलं जातं, त्याच मोबाइलनं ते राखताही येतं. बचत गटांनी नमुन्यांचे फोटो तारीख, गाव आणि करणारीचं नाव घालून जपावेत. कुणी रेकॉर्डिंगला आलं, तर ते कुठे टाकणार आणि पैसे आले तर वाटा किती, हे आधीच विचारावं. जमलं तर कागदावर घ्यावं. आणि आपण स्वतः एखादी लेंगी पुढे पाठवताना गाणारीचं नाव लिहितो का हो?