चौथ्या मात्रेवरून पाचव्या मात्रेवर

ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. कथकचा तत्कार शिकताना बहुतेक मुले एकाच जागी अडखळतात. चौथ्या मात्रेला डावा पाय पडतो आणि पाचव्यालाही डावाच टाकायचा असतो; सवयीने उजवा उचलला जातो. आठव्या मात्रेवरून नवव्यावर जाताना उजव्या पायाचे तेच होते. ही चूक नुसत्या आवाजावरून ओळखता आली, की शिकवणे सुरू झाले म्हणायचे.

इंद्रायणीकाठचे निघोजे आज फोक्सवॅगन आणि महिंद्र यांच्या कारखान्यांच्या पत्त्यात आहे. पाळ्यांमध्ये काम करणारी कुटुंबे चाकणच्या परिसरात स्थिरावली, तशी मुलींना नृत्याच्या क्लासला घालण्याची हौसही आली. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, हेही एक कारण. अशा गावात क्लास काढणाऱ्या तरुणीकडे बहुधा एकच भांडवल असते: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पदवी.

ही कमाई लहान नाही. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत ७ परीक्षा, म्हणजे कित्येक वर्षांचा रियाज. पण त्या परीक्षांत मुख्यतः तिचे स्वतःचे नाचणे तपासले जाते. वर्गात मात्र तोंडाने बोलांची पढंत, हाताने टाळी-खाली आणि नजर बारा जोड्या पायांवर, असा तिहेरी कारभार असतो. मुलींकडे तोंड करून उभे राहिले की तिचा उजवा तो त्यांचा डावा. स्वतःचे अंग उलटे चालवायचे की पाठ करून दाखवायचे, इथपासून तिची नवी विद्या सुरू होते.

पुण्याच्या कथक गुरू रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ काढली, तेव्हा त्या अवघ्या २२-२३ वर्षांच्या होत्या. शाळा काढली म्हणून त्यांचे शिकणे थांबले नाही. पंडित लच्छू महाराज आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या पुढेही वर्षानुवर्षे शिकत राहिल्या. एकीकडे गुरूपुढे बसायचे, दुसरीकडे शिष्यांपुढे उभे राहायचे. शमा भाटे, प्रभा मराठे यांच्यासारख्या त्यांच्या शिष्या स्वतः गुरू झाल्या, यामागे ही दुहेरी साधना आहे.

म्हणून विशारद झाल्या-झाल्या फलक लावण्याची घाई नको. किमान दोन वर्षे गुरूच्या वर्गात प्रारंभिकच्या मुली सांभाळाव्यात, त्यांच्या चुका वहीत टिपाव्यात, त्या कशा सुधारल्या हे गुरूकडून समजून घ्यावे. सवड असेल तिने पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची वाट धरावी. १९८७ पासून तिथे गुरुकुलाच्या वळणाने शिक्षण मिळते. क्लास सुरू झाल्यावरही गुरूकडची फेरी चुकवू नये. पालकांनीही ‘परीक्षेला कधी बसवणार?’ या प्रश्नाआधी ‘तुम्ही सध्या कुणाकडे शिकता?’ असे विचारावे.

आणि जागेचे काय? गाळ्यातल्या सिमेंटच्या कोब्यावर रोज तासभर पाय आपटले, तर टाचा आणि गुडघे दुखायला लागतात. शाळेच्या एका खोलीत किंवा समाजमंदिरात लाकडी फळ्यांची जमीन घालणे हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून ते होऊ शकते. ग्रामपंचायतीने ही मागणी लेखी स्वरूपात कंपन्यांपुढे ठेवावी, आणि खोलीचे मोजमाप घ्यायला त्या तरुण शिक्षिकेलाच सोबत न्यावे.