राज्य कुणाचे, ते खळ्यावर कळते



कोणत्या देशात लोकशाही आहे आणि कोणत्या देशात हुकूमशाही, हे ओळखायचे कसे? शहरातले विद्वान सांगतात, घटना वाचा, निवडणुका होतात का ते पाहा. आम्ही म्हणतो, पोळ्याला झूल घातलेला प्रत्येक बैल देखणाच दिसतो. त्याची खरी पारख औताला जुंपल्यावर होते.

सोव्हिएत रशियाने १९३६ साली झोकदार घटना केली. तिच्यात भाषणाचे, सभेचे, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. १९३७ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि शेकडा ९६ हून जास्त मतदारांनी मतदान केले. मात्र प्रत्येक जागेला उमेदवार एकच!

याच राज्याने ७ ऑगस्ट १९३२ रोजी फर्मान काढले होते की, सामुदायिक शेतातला माल चोरणाऱ्याला मृत्युदंड, दया दाखवलीच तर किमान दहा वर्षे कैद. कापणीनंतर मागे राहिलेली कणसे वेचणारी माणसेही त्यात सापडली. युक्रेनमध्ये लेव्हीच्या नावाखाली खळी झाडून नेली. १९३३ च्या जानेवारीत तिथल्या शेतकऱ्यांना पोटासाठी दुसरीकडे जायलाही बंदी केली. लाखो पिकवणारे उपाशी मेले आणि त्याच काळात सरकार परदेशात धान्य विकत होते. कागदावर मात्र राज्य कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे!

हे परक्यांचे झाले. आता आपले पाहू.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. घटनेच्याच ३५२ व्या कलमाखाली लागली. संसद चालू होती, न्यायालये चालू होती. पण विरोधक मिसाखाली तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की, आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना 'नाही' म्हणाले. पुढे सरन्यायाधीश नेमताना त्यांना डावलले.

तरीही मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, सरकार हरले आणि हरल्यावर पायउतार झाले. रशियात हे घडले नसते. हा फरक आम्ही लहान मानत नाही.

पण आणीबाणीतली एक गोष्ट मागे राहिली. १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने आवश्यक वस्तू कायदा नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला. मूलभूत हक्क मोडतो म्हणून न्यायालयात आव्हान देता येऊ नये, यासाठी कायदे ठेवण्याची ही जागा. आणीबाणी उठली, हा कायदा तिथून उठला नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर तिथे घातलेले कायदे तपासता येतील, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. तोवर तीस वर्षे गेली होती.

आणि एकाधिकार कापूस खरेदी? १९७२ पासून कितीतरी हंगाम या राज्यात मत हव्या त्याला देता येत होते, कापूस मात्र एकालाच विकावा लागत होता. तिच्याविरुद्ध सभा घेता येत होत्या, छापता येत होते, म्हणून ती योजना शेवटी गेली. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

म्हणून आमची पारख चार प्रश्नांची आहे. सरकारला 'नाही' म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या घरी असतो काय? सरकारला न भिता त्याचे गाऱ्हाणे ऐकणारा कुणी आहे काय? हरलेला सत्ताधारी खुर्ची सोडतो काय? पिकवणाऱ्याला आपला माल आपल्या मर्जीने विकता येतो काय? पहिल्या तिन्हींत उतरलेले राज्यही चौथ्यात नापास होऊ शकते. तेवढ्या बाबतीत ते शेतकऱ्यापुरते हुकूमशाहीच असते, मग दिल्लीत कुणीही बसो.

जिल्ह्याच्या सभेला येताना हे चार प्रश्न गावात विचारून या. सरकारला विचारा, गावच्या सोसायटीला विचारा आणि आपल्या संघटनेलाही विचारा. आमच्या मांडवात 'नाही' म्हणणाऱ्याला बसायला जागा नसेल, तर दुसऱ्याला हुकूमशहा म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.