दुकानाचे शुभेच्छापत्र, सही कुणाची?

मैत्रिणींनो, दसरा झाला की दुकानदाराच्या घरी एक जादा काम निघते. छापखान्यातून शुभेच्छापत्रांचा गठ्ठा येतो, यजमानांना सवड नसते, आणि "तेवढ्या माझ्या नावाने सह्या करून टाक गं," म्हणून तो गठ्ठा आपल्या पुढ्यात येऊन पडतो. फराळाच्या भाजण्या एकीकडे, सह्या दुसरीकडे!

छापील कार्डाचा जन्मच मुळी सवड नसण्यातून झाला. 1843 साली लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळची पत्रे हाताने लिहायला वेळ होईना, म्हणून त्यांनी चित्रकार हॉर्स्ली यांच्याकडून चित्र काढून घेऊन हजार कार्डे छापली. पण त्यांनीही कुणाला आणि कुणाकडून, ही नावे लिहायला जागा कोरी ठेवली होती. ती जागाच महत्त्वाची, बरं का. मोबाइलवर एकच चित्र शंभर ठिकाणांहून येते, ते कोण लक्षात ठेवतो? हाताने लिहिलेले नाव मात्र माणूस वाचतो.

म्हणूनच माझे पहिले सांगणे: यजमानांची सही आपण गिरवू नये. नेहमीच्या गिऱ्हाइकाला बिलावरची सही ओळखता येते. त्याला वाटते, शुभेच्छाही उसन्याच! त्याऐवजी दुकानाचे नाव, त्यापुढे 'करिता' आणि खाली स्वतःचे नाव लिहावे. आमच्या विजेच्या सामानाच्या दुकानात मी असे प्रथम केले, तेव्हा "लोक काय म्हणतील?" असा प्रश्न निघालाच. मी म्हटले, "बिले मी लिहिते, उधारीचे फोन मी करते, तेव्हा लोक काही म्हणत नाहीत. मग शुभेच्छांनाच माझे नाव का नको?" यावर उत्तर नव्हते. त्या दिवाळीत दोन-तीन जुनी गिऱ्हाइके मुद्दाम दुकानात येऊन मला नावाने शुभेच्छा देऊन गेली. आता दोघांचीही नावे असतात, पण ज्याची त्याने लिहायची. दुकानातले जुने कामगारही आपापल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या कार्डांवर सही करतात.

आता थोडे कामाचे. बँकेतली सही कार्डावर करू नका. ती घरोघर कशाला पाठवायची? सुवाच्य अक्षरात नाव पुरे. गुळगुळीत कागदावर शाई फिसकटते, तेव्हा आधी एका कार्डावर लिहून पाहा आणि कार्डे उघडी वाळू द्या. रोज वीसच कार्डे घ्या, म्हणजे शेवटच्या कार्डावरचे अक्षर पहिल्यासारखेच राहते. प्रत्येकावर एक ओळ त्या माणसापुरती हवी. 'नव्या घरातली पहिली दिवाळी आनंदाची जावो,' एवढेही चालते. कोजागरीपर्यंत सह्या उरकून दुसऱ्या दिवशी पेटीत टाकली, तर वसुबारसेपर्यंत हातात दहा-अकरा दिवस राहतात. सहा आकडी पिनकोड विसरू नका.

नावांची यादी मात्र दर वर्षी नव्याने वाचा. ज्या घरी वर्षभरात कुणी गेले असेल, तिथे पणत्यांचे चित्र धाडू नये. साध्या कागदावर चार ओळी लिहाव्यात. बाईच्या नावाआधी सवयीने 'सौ.' लिहून मोकळे होऊ नये. शंका असेल तर 'श्रीमती' लिहावे. यजमान गेल्यावर दुकान सांभाळणाऱ्या बाईला जुन्याच नावाने कार्ड गेले, तर तिला काय वाटेल?

आणि उधारीची आठवण त्याच पाकिटात कधीही घालू नका. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते हे खरे, पण शुभेच्छांच्या आडून वसुली केली तर पुढच्या वर्षी तुमचे पाकीट कुणी उघडणार नाही.

यंदा गठ्ठा पुढ्यात आला की पेन उचलण्याआधी यजमानांना विचारा, खाली नाव कुणाचे? काम तुमचे असेल, तर नावही तुमचेच लिहा.