वीजबिल वाचवायचंय? आधी शेवटच्या युनिटची किंमत काढा

उन्हाळा जवळ आला की मोबाईलवर एकाच प्रकारचे रील्स सुरू होतात. ‘चार्जर सॉकेटमधून काढा, बिल अर्धं करा.’ ‘हे छोटं यंत्र प्लगला लावा, मीटर हळू फिरेल.’ ‘वॉशिंग मशीन दुपारी चालवा, सरकार सूट देतंय.’ मी मीरा रोडच्या नया नगरमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे बिल्डिंगच्या ग्रुपवर असा प्रत्येक रील शेवटी माझ्याकडे येतो : ‘हे खरं आहे का रे?’ काही रील्स खोटे असतात, काही अर्धवट खरे, आणि काही खरे असूनही आपल्या उपयोगाचे नसतात. कोणता रील कुठल्या डब्यात टाकायचा, ते आज आकड्यांनी बघू.

आधी बिलावरचं नाव बघा

नया नगरमधली जुनी माणसं अजूनही ‘रिलायन्सचं बिल आलं का?’ असं विचारतात. रिलायन्सचा मुंबई उपनगरांतला वीजवितरणाचा व्यवसाय २०१८ मध्ये अदानीकडे गेला. मीरा-भाईंदर त्याच वितरण क्षेत्रात येतं. मात्र खाडी ओलांडून नायगाव-वसईला गेलात की बिल महावितरणचं. दोन्ही कंपन्यांचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, पण प्रत्येक कंपनीसाठी वेगळा आदेश काढून.

म्हणून ‘दुपारी वीज स्वस्त’ या बातमीचा नीट अर्थ लावायला हवा. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल केला. दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावायचा, म्हणजे टीओडी, ही त्यातली मुख्य गोष्ट. सौरऊर्जा भरपूर असते त्या तासांत वीज स्वस्त आणि मागणी जास्त असते तेव्हा महाग, असं हे तत्त्व आहे. शेतीचे ग्राहक यातून वगळले आहेत, आणि बाकीच्यांना हा दर स्मार्ट मीटर बसल्यावरच लागू होतो. महावितरणने १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली, आणि तीच बातमी मीरा रोडच्या ग्रुपांवर फिरली. पण ती बातमी महावितरणच्या ग्राहकांसाठी होती. तुमचं बिल दुसऱ्या कंपनीचं असेल, मीटर जुना असेल आणि बिलावर टीओडीची ओळच नसेल, तर दुपारी बाराला मशीन लावून कपडे नक्की वाळतील, पैसे वाचणार नाहीत.

एका युनिटची खरी किंमत

बिलात एकच दर नसतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर घरगुती ग्राहकांसाठी १६% वीज शुल्क असे तुकडे असतात. वीज आकाराचे स्लॅब आहेत : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलाय. ‘३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो’ असं लोक सांगतात. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. (स्थिर आकार मात्र स्लॅबप्रमाणे बदलू शकतो.) याचा सरळ अर्थ असा की तुमचं पहिलं युनिट सगळ्यात स्वस्त असतं आणि शेवटचं सगळ्यात महाग. बचत केली की कमी होतात ती ही शेवटची, महागडी युनिटं. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारी सरासरी इथे कामाची नाही.

शेवटच्या युनिटची किंमत काढायला दोन बिलं पुरतात. एक कमी वापराच्या महिन्याचं घ्या, एक जास्त वापराच्या. समजा एकात २१० युनिट आणि चालू महिन्याची रक्कम २,०५० रुपये आहे, दुसऱ्यात ३१० युनिट आणि ३,१५० रुपये. फरक १०० युनिटांचा आणि १,१०० रुपयांचा. म्हणजे या घरात शेवटचं युनिट सगळे कर धरून ११ रुपयांना पडलं. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील. मागची थकबाकी धरू नका, दोन्ही बिलांचे दिवस साधारण सारखे असू द्या, आणि मधे आयोगाचा नवा दर लागू झालेला नसावा.

तो आकडा फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक रील याच आकड्यावर तपासायचा. पुढच्या हिशेबात मी ११ रुपयेच धरतो.

कोण किती खातं?

एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास. सूत्र एवढंच : वॅट गुणिले तास, भागिले १०००.

मोबाईल : ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधली गळती धरून २५ म्हणू. रोज शून्यापासून पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला पाऊण युनिट, म्हणजे आठ-साडेआठ रुपये. नुसता सॉकेटमध्ये लटकलेला चार्जर याहून कितीतरी कमी खातो. ‘चार्जर काढा, बिल अर्धं करा’ हा रील इथेच संपला.

वायफाय राउटर : ८ वॅटचा, चोवीस तास चालू. महिन्याला सुमारे ६ युनिट. छोटा दिसतो, पण मोबाईलच्या आठपट खातो.

पंखा : जुना पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅटच्या आसपास घेतो. रोज १४ तास चालला तर महिन्याला साधारण ३१ युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे तेवढ्याच तासांत साडेबारा युनिट. फरक १९ युनिटांचा, महिना दोनशे रुपयांचा. २,८०० रुपयांचा पंखा सव्वा वर्षाच्या आत पैसे वसूल करतो. मात्र हा हिशेब सगळ्यात जास्त चालणाऱ्या पंख्याचाच आहे. पाहुण्यांच्या खोलीत दिवसातून तासभर फिरणारा पंखा बदलून काही हाती लागत नाही.

गिझर : १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.३ युनिट लागतं. हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही ब्रँडला यात सूट नाही. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे महिन्याला ४५ युनिट, जवळजवळ पाचशे रुपये. सकाळी चालू करून विसरलेला गिझर टाकीतलं पाणी गरम ठेवायला वर आणखी खातो.

एसी : लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. लेबलवर ८०० युनिट असतील तर तासाला साधारण अर्धं. रोज ८ तास चालवला तर महिन्याला १२० युनिट, तेराशे रुपयांच्या वर.

ज्याला गरज, त्याचाच पंखा बंद

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की घरातल्या सवयींचं चित्र बदलतं. आमच्याकडे दादी दुपारी खोलीत एकटी असली की पंखा बंद करून बसायची. ‘एका माणसासाठी कशाला?’ नया नगरच्या जुन्या इमारती एकमेकींना चिकटून आहेत, दुपारी वारा नावाला नसतो. तिच्या खोलीत आता बीएलडीसी पंखा आहे. तो तासाला ३३ पैसे खातो. चार तास घामाघूम होऊन ती वाचवणार साधारण सव्वा रुपया, आणि त्याच घरात गिझरचा लाल दिवा कुणाच्या लक्षातही नसतो.

बचतीचा भार बहुतेक घरांत असाच वाटला जातो. कमी मागणारा माणूस कमी वापरतो, आणि जास्त खाणारं यंत्र चालूच राहतं. म्हणून मला वाटतं, घरातल्या तरुण माणसाने हा हिशेब एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. दादीला ‘पंखा लाव’ म्हणून दहा वेळा सांगितलं तरी ऐकत नव्हती. ‘तासाला ३३ पैसे’ म्हटल्यावर ऐकलं.

मीटरचा दिवा मोजा

वॅटचे आकडे लेबलवर विश्वास ठेवून घ्यायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा असाच एखादा आकडा ‘इम्प’ या खुणेसह छापलेला असतो. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट.

जुन्या बिल्डिंगांत मीटर तळमजल्यावर जिन्याखाली असतात. एकाने खाली उभं राहून दिव्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा, दुसऱ्याने फोनवर राहून घरातली उपकरणं एकेक चालू करायची. मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मिनिटाला ८ लुकलुकी आल्या तर तासाला ४८०. भागिले ३२००, म्हणजे ०.१५ किलोवॅट, १५० वॅट. दोन हजार वॅटचा गिझर लावला की दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो. चार्जर लावल्यावर फरक कळतच नाही. सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर काहीतरी चालू राहिलंय किंवा वायरिंग तपासून घ्यायला हवं.

विकत घेताना

स्टार बघताना वर्षही बघा. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात. एसीचे नवे निकष १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या लेबलवरचे पाच स्टार आणि नव्या लेबलवरचे पाच स्टार एकच नाहीत. दुकानदार जुना माल ‘फाइव्ह स्टार’ म्हणून दाखवेल, आणि ते खोटंही नसेल. तुम्ही लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडा ताडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून खरेदी स्वस्त झाली. पण एसी पुढची आठ-दहा वर्षं चालणार, आणि खरा खर्च त्या वर्षांत होणार.

घरात एसी आहेच, तर तापमान वाढवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या अंदाजाप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे ६% वीज वाचते. २०२० पासून खोलीचे एसी २४ अंशांच्या डिफॉल्टवर येतात ते याच कारणाने. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री मनोहर लाल यांनी एसी २० ते २८ अंशांतच चालतील अशी मर्यादा आणण्याचं सांगितलं, तेव्हा सोशल मीडियावर बरीच चेष्टा झाली. बिल भरणाऱ्या माणसाला त्यातलं गणित कळायला हरकत नव्हती.

प्लगला लावायचं ‘पॉवर सेव्हर’ घेऊ नका. त्यात सहसा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारू शकतो, पण घरगुती बिल किलोवॅट-तासांवर निघतं, त्यात पॉवर फॅक्टरचा दरच नाही.

इंडक्शनचाही हिशेब घाला. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जितकं अन्न शिजतं, तितकं इंडक्शनवर शिजवायला साधारण १२५ ते १३५ युनिट लागतात. त्यांना तुमच्या शेवटच्या युनिटच्या किमतीने गुणा आणि सिलिंडरच्या आजच्या भावाशी ताडा. ११ रुपयांनी हे १,४०० च्या आसपास जातं. पहिल्या स्लॅबमध्ये राहणाऱ्या एकट्या माणसाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

छत सोसायटीचं आहे

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॅटच्या घरगुती सौर संचाला तीत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला याचा थेट उपयोग नाही, कारण छत त्याचं नाही. पण गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदानाची सोय याच योजनेत आहे. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि असेल तर लिफ्ट यांचं बिल आपण मेंटेनन्समधून भरतोच. हा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडायचा आहे, आणि मांडताना हातात सामाईक मीटरची बारा महिन्यांची बिलं हवीत.

भीतीचा धंदा

‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज तुमच्याही घरी कुणाला आला असेल. तो फसवणुकीचा असतो. बिल भरलंय की नाही हे कंपनीच्या अधिकृत ॲपवर दोन मिनिटांत दिसतं. अनोळखी लिंकवरून ॲप टाकू नका, ओटीपी देऊ नका. पॉवर सेव्हर विकणारा आणि हा मेसेज पाठवणारा, दोघांचंही भांडवल एकच : आपण बिल वाचत नाही, फक्त शेवटची रक्कम बघतो आणि घाबरतो.

येत्या रविवारी दोन बिलं काढा आणि शेवटच्या युनिटची किंमत काढा. रमजानचा महिना त्यात घेऊ नका, सहरीमुळे घरातले दिवे-पंख्यांचे तासच बदललेले असतात. मग सगळ्यात जास्त खाणारी तीन उपकरणं शोधा आणि फक्त त्यांच्याच मागे लागा. बाकी छोट्या-मोठ्या वापरावरून घरात भांडणं नकोत.