मैदान बदललं, गिऱ्हाईक कुठे आहे?

आज १५ जानेवारी, खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. राज्य सरकारने हाच दिवस राज्य क्रीडा दिन ठरवला आहे आणि यंदा खाशाबांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होत आहेत. शाळाशाळांतून प्रतिमापूजन होईल, तालमींत हार चढतील, १९५२च्या हेलसिंकीची आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची उजळणी होईल. ती व्हायलाच हवी. पण मुळशीतल्या माणसारख्या गावाने आज त्याआधीचं, १९४८चं लंडन आठवावं असं आम्हाला वाटतं. तिथे खाशाबांना पदक मिळालं नव्हतं. ते सहावे आले होते.

गोळेश्वरच्या मातीत तयार झालेला हा मल्ल लंडनमध्ये गादीवर उतरला. मातीतली कुस्ती अनवाणी पायांची, चितपट होईपर्यंत चालणारी. गादीवर वेळ मोजलेली आणि नियम परके. पाय रोवायची सवयसुद्धा तिथे कामाची नव्हती. गादी अन्यायाची म्हणून खाशाबा रुसून बसले नाहीत. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाकडून त्यांनी तिथेच धडे घेतले, परत येऊन चार वर्षं घाम गाळला आणि वरच्या वजनगटात उतरून कांस्य जिंकलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. तो त्यांनी टाकला नाही, गादीवर बसवला.

माणच्या पायाखालची माती अशीच एका आठवड्यात गेली होती, मार्च २०२०मध्ये. त्याआधी राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या जमिनीवर उभा राहिला होता. भाताची खाचरं गेली, खोल्या चढल्या. पीजी, मेस, डबे, कॅब, टपऱ्या, सगळं कंपन्यांच्या पाळ्यांवर चालू लागलं. जाहिरातही तशीच बेतलेली. गूगल मॅपवर थाळीचा फोटो, फेसबुक-इन्स्टाग्रामवर थोडे पैसे भरून पाच किलोमीटरच्या परिघात दिसणारी पोस्ट. टाळेबंदी लागली, कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि तो परीघ रिकामा झाला. जाहिरात बरोबर जागी दिसत होती, पण बघणारा पोरगा लातूरला किंवा नागपूरला आईच्या हातची भाकरी खात होता. मेसवाल्यापाशी त्याचा नंबर असलाच तर वहीत, उधारीच्या पानावर.

आमच्या मते खरी मेख इथे आहे. अचानक बदल आला की धंदेवाले पहिल्यांदा नवा प्लॅटफॉर्म शोधतात, नवी एजन्सी गाठतात. आपलं गिऱ्हाईक नक्की कोण आणि त्याच्यापर्यंत आपण स्वतः पोहोचू शकतो का, हा प्रश्न मागेच राहतो. २९ जून २०२०ला टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी आली, तेव्हा ज्यांची सगळी ओळख त्या एका ॲपवर होती त्यांचे चाहते एका रात्रीत हातचे गेले. ती माणसं या जगातून कुठे गेली नव्हती, त्यांना हाक मारायची वाट तेवढी बंद झाली होती. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरलं. आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाच्या नावाविना खेळला. इतक्या मोठ्या मंडळींवर अशी पाळी येते, तिथे डबेवाल्याने आधीच सावध असावं हे बरं.

आपल्या शेजारचंच, गहुंज्याच्या क्रिकेट मैदानाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१८मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं. चेपॉकवर आयपीएलचा एकच सामना झाला, त्यातही मैदानात जोडा भिरकावला गेला, आणि चेन्नई सुपर किंग्जचे उरलेले सहा घरचे सामने गहुंज्याला हलले. दोन वर्षांच्या बंदीनंतर संघ नुकताच परतला होता, हे विसरू नका. संघाने पुण्यात नवे चाहते कसे जमवायचे यावर डोकं खाजवत बसण्यापेक्षा जुन्यांना इकडे आणलं. चेन्नईहून ‘व्हिसल पोडू एक्स्प्रेस’ नावाची खास गाडी सुटली, हजारभर चाहते तिकीट-जेवणासकट पुण्यात उतरले. २० एप्रिलला शेन वॉटसनने राजस्थानविरुद्ध १०६ धावा कुटल्या तेव्हा गहुंजे पिवळंधमक होतं. त्या वर्षीचा करंडकही त्यांनीच नेला.

त्याच्या दोन वर्षं आधी याच मैदानावरून रायझिंग पुणे सुपरजायंट्सला जावं लागलं होतं. दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात असताना उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले, आणि ते योग्यच होतं. पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. संघाचा पहिलाच हंगाम, लोकांशी सूत जुळायच्या आतच बिऱ्हाड हललं. कर्णधार दोन्ही वेळा धोनीच होता. फरक होता तो चाहत्यांशी जमलेल्या वर्षानुवर्षांच्या नात्याचा, आणि ते नातं संकट आल्यावर घाईने उभं करता येत नाही.

माणपुढचा नवा बदल मात्र सांगून येतो आहे. शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा २३ किलोमीटरचा मार्ग माणमधल्या मेगापोलिसपासून सुरू होतो. ती पूर्ण क्षमतेने धावू लागली की औंध-बाणेरला, अगदी शिवाजीनगरला राहूनही इथे नोकरी करता येईल. मग केवळ कंपनी जवळ आहे म्हणून खोली घेणारा भाडेकरू तेवढ्यासाठी थांबेलच असं नाही. ‘कंपनीपासून पाच मिनिटं’ ही पाटी तेव्हा फिकी पडेल. स्वच्छता, जेवण, सुरक्षितता यांना भाव येईल. खोलीमालकांनी आत्ताच जुन्या-नव्या भाडेकरूंची यादी करावी, त्यांना विचारूनच संदेशाच्या यादीत घ्यावं, गूगलवरची माहिती स्वतः बदलायला शिकावं. मेसवाल्यांनी डब्यापलीकडे बघावं. मुळशीच्या आंबेमोहोरला पुण्यातल्या घराघरांत मागणी आहे आणि इथे जेवून गेलेल्या पोरांच्या घरीही भात शिजतोच.

हे शिकवायला पुण्याहून कोणी बोलवायची गरज नाही. डिजिटल मार्केटिंग ज्यांच्या हातचा मळ आहे अशी माणसं रोज याच रस्त्याने कामाला येतात, याच गावात जेवतात. ग्रामपंचायतीने शाळेचा एक वर्ग रविवारी उघडून द्यावा, कंपन्यांनी आपल्या सामाजिक कामाच्या निधीतून माणसं पाठवावीत, आणि मेट्रोची पहिली पूर्ण फेरी निघायच्या आत हे सुरू व्हावं.