विषय: साठच कुटुंबं, मग मॉडेल 'नापास' कसं?



एका मित्राच्या बायकोचं इथे पीएचडीचं काम चालू आहे. विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा: अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांचं मराठी कशाच्या जोरावर टिकतं? ६० कुटुंबं, १२ प्रश्न आणि त्यामागे ३ घटक (घरातली भाषा, आजी-आजोबांशी संपर्क, मुलांची स्वतःची आवड). स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंगच्या पहिल्याच पायरीवर काय-स्क्वेअर आला ७३, डिग्रीज ऑफ फ्रीडम ५१, पी ०.०२. म्हणजे मॉडेल नापास! गाईडचा सल्ला: आजी-आजोबांचे प्रश्न काढून टाका.

मला हे अजिबात पटलं नाही.

हा आकडा ज्या काय-स्क्वेअर तक्त्याशी ताडून बघतात, तो लागू पडतो नमुना मोठा असेल तेव्हा. नमुना लहान आणि प्रश्न जास्त असले की आकडा मुळातच फुगतो. मग बरोबर मॉडेलसुद्धा शंभरात पाचापेक्षा जास्त वेळा नापास होतं. वजनकाटाच जास्त दाखवत असेल तर आधी काटा दुरुस्त करायचा, जेवण नाही सोडायचं!

ही दुरुस्ती काही नवी नाही. बार्टलेटने १९५० मध्येच फॅक्टर ॲनालिसिससाठी ती दिली होती. नमुन्यातून एक वजा करून येणाऱ्या ५९ ने जिथे गुणतात, तिथे आणखी थोडं वजा करायचं: (२ × १२ + ५) चा सहावा भाग आणि घटकांच्या संख्येचे दोन तृतीयांश. उरतात साधारण ५२.२. त्यामुळे ७३ चे होतात सुमारे ६४.५ आणि पी जातो ०.१० च्या आसपास. आपल्यासारख्या मॉडेलला हे सूत्र अंदाजापुरतंच, म्हणून १९७५ ची स्वेनची दुरुस्तीही लावून बघावी. सटोरा आणि (यूसीएलएचे) बेंटलर यांची दुरुस्ती मात्र वेगळ्या दुखण्यावर आहे, म्हणजे डेटा नॉर्मल नसेल तेव्हाची. ती लावली म्हणून लहान नमुन्याचा प्रश्न सुटत नाही.

कोणी म्हणेल, सोयीचा आकडा मिळेपर्यंत दुरुस्त्या करत बसायचं का? रास्त शंका आहे. म्हणूनच कुठली दुरुस्ती लावणार ते डेटा बघायच्या आधी लिहून ठेवावं आणि दोन्ही आकडे छापावेत. शिवाय पास झालं म्हणजे सिद्ध झालं असंही नाही. ६० कुटुंबांत चुकीचं मॉडेलही सहज निसटतं. पण निकाल बघून प्रश्न वगळणं हा त्याहून मोठा घोटाळा, कारण तिथे आपण योगायोगाच्याच मागे धावतो.

एका गावात आपली पाचशे घरं कुठून आणायची? मोठ्या नमुन्याचाच नियम लावायचा म्हटलं तर आपल्यासारख्या छोट्या समाजांचा अभ्यास दरवेळी याच दारात अडकेल. आणि आजी-आजोबा कागदावरून गायब होतील, तेही गणिताच्या चुकीमुळे!

चू.भू.द्या.घ्या.

आपला,
(संख्याशास्त्राच्या वाटेला गेलेला) एक इंजिनियर